मदत हवी आहे: 'दगड' या चिनी अक्षराचा उच्चार कुठला लिहू? (शिक्का कोरायचाय)

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा वेगळा आहे. पण इथे जपानी शिकलेले पुणेकर बरेच आहेत, चीन-कोरियात राहून आलेलेही असतील, म्हणून विचारतोय.

मी तोक्योत नोकरीला आहे. शनिवारी सकाळी शिक्के कोरायच्या वर्गाला जातो, इथे त्याला तेन्कोकु म्हणतात. बोटभर उंचीच्या मऊ दगडावर छिन्नीने अक्षर कोरायचं, लाल लगद्यात दाबायचं आणि कागदावर उठवायचं. वर्षअखेरीला छोटं प्रदर्शन असतं. त्यासाठी प्रत्येकाने एकाक्षरी शिक्का करायचा आणि शेजारच्या चिठ्ठीवर त्या अक्षराचा उच्चार लिहायचा.

मी 'दगड' निवडलं, कारण आजोबांचं नाव धोंडू. त्यांच्या आधीची दोन मुलं दगावली, तेव्हा पणजीने काळाची नजर पडू नये म्हणून या तिसऱ्याला धोंडा करून टाकलं. आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले, म्हणजे उपाय लागू पडला म्हणायचा.

अक्षर दिसायला सोपं आहे, सगळ्या मिळून पाच रेघा. वर आडवी रेघ, तिच्यापासून डावीकडे खाली उतरणारी तिरकी, आणि तिच्या कुशीत एक चौकोन. एरवी चौकोन म्हणजे तोंड, पण इथे ते तोंड नाही. कड्याखाली पडलेला धोंडा आहे, असं सेन्सेईंनी (आमच्या गुरुजींनी) सांगितलं. गोम अशी की तिरकी रेघ आडवीच्या वर जराशी डोकावली, की अक्षर होतं 'उजवा'. माझे पहिले तीन कागद उजवेच निघाले. मग दगडावर उलटं कोरायचं विसरलो, त्यामुळे कागदावर कडा भलत्याच बाजूला उतरला. शेजारच्या आजी हसून हसून दमल्या.

आता चिठ्ठीवर घोडं अडलंय. सुटा दगड असेल तर जपानीत 'इशि'. जोडशब्दात गेला की 'सेकि': सेकियु म्हणजे खनिज तेल, होसेकि म्हणजे रत्न, कासेकि म्हणजे जीवाश्म. आम्ही कोरतो तो दगडसुद्धा चीनमधल्या छिंगथ्येनचा, त्याला इथे 'सेइदेनसेकि' म्हणतात. लोहचुंबकात मात्र तोच 'शाकु' होतो (जिशाकु). आणि तांदळाच्या जुन्या मापात चक्क 'कोकु'!

ऑफिसात विचारलं तर गोंधळ वाढला. बेजिंगचा सहकारी म्हणाला 'शि', सूर वर चढवत, पण बोलताना 'शितोउ'. हाँगकाँगची म्हणाली 'सेक'. कोरियन बाई म्हणाल्या 'सॉक', पण रस्त्यावरचा दगड 'दोल'. व्हिएतनामी मुलीला अक्षर वाचताच येईना, त्यांच्याकडे आता रोमन लिपी. अर्थ सांगितल्यावर म्हणाली, "हां, थाच! पण आम्ही रोज दा म्हणतो." तिच्या हातातल्या गार कॉफीतला बर्फही 'दा'च.

तर प्रश्न: (१) कोकु एवढा वेगळा कसा? (२) बाकीचे उच्चार एकमेकांचे नातलग आहेत का? (३) धोंडू आजोबांसाठी मी काय लिहू?

प्रतिसाद १

कोकु हा दत्तक आहे. धान्य मोजायच्या मापाला चिनीत वेगळं अक्षर होतं, त्याचा जपानी उच्चार कोकु. पुढे त्या मापासाठी दगडाचं अक्षर वापरात आलं आणि उच्चार जुन्याचा चिकटून राहिला. चीनमध्येही तसंच झालं. तिथे माप म्हणून हे अक्षर आलं की 'शि' न म्हणता 'दान' म्हणतात, आणि 'दान' हा खांद्यावरच्या कावडीच्या ओझ्याचा शब्द. आधी ते वजनाचं माप होतं, १२० जिनांचं (जिन हे चिनी वजन).

जपानी कोकु साधारण १८० लिटर. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, असा ढोबळ हिशेब. सरदाराची ऐपतही कोकुतच मोजायचे. १०,००० कोकु किंवा त्याहून मोठी जहागीर असेल तर दाइम्यो, म्हणजे बडा सरदार. कागाच्या जहागिरीला तर 'दहा लाख कोकुवाली' म्हणत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, सख्खे नातलग. मध्ययुगीन चिनीत या शब्दाच्या शेवटी 'क' होता. हाँगकाँग आणि कोरियाने तो जपला, व्हिएतनाममध्ये त्याचा 'च' झाला, बेजिंगकडे तो गळालाच. जपान्यांना शेवटी नुसता 'क' म्हणवेना, त्यांनी मागे स्वर लावला. आपले कानडी शेजारी बसला 'बस्सु' म्हणतात तसंच. शाकु आणि सेकि हे दोन्ही चीनमधूनच आलेत. शाकु आधीचा, सेकि नंतर चीनच्या थांग राजवटीच्या काळात तिथल्या राजधानीच्या बोलीतून आलेला. 'इशि' आणि 'दा' मात्र अस्सल घरचे.

प्रतिसाद २

मी गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ) खेळतो, म्हणून कोरियन 'दोल'वर बोलतो. आमच्या सोंगट्यांना तिथे दोलच म्हणतात. २०१६ मध्ये सोलला अल्फागो या गो खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमशी पाच डाव खेळून एक जिंकलेला ली सेदोल आठवतोय? त्याच्या नावातला 'दोल' लिहायला चिनी अक्षरच नाही, कारण शब्द कोरियन. म्हणून कोरियन लोकांनी नवं घडवलं: वर तुमचा दगड, खाली 'उल' उच्चाराचं अक्षर, शेवटच्या 'ल'साठी. दगडाचा अर्थ आणि 'ल'चा आवाज एकाच चौकटीत. जपान्यांशी लढलेला शिन दोल-सॉक होता, त्याच्या नावात तर आधी देशी दगड आणि मग चिनी दगड. दगडू पाषाण म्हणा की!

प्रतिसाद ३

'इशिआतामा' म्हणजे दगडडोक्या, हेकट माणूस. चिठ्ठीवर इशि लिहिलंत तर वर्गातले मनात काय म्हणतील ते सांगून ठेवतो. बाकी 'एका दगडात दोन पक्षी' जपानीतही आहे, 'इस्सेकि निचो', पण ती इंग्रजांकडून घेतलेली.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. 'दगडू पाषाण' वाचून फोनवर आईला सांगितलं, ती अजून हसतेय.

पण त्यातूनच उत्तर मिळालं. सेकि म्हणजे आपला पाषाण किंवा अश्म, पोथीतला, जोडशब्दात शोभणारा. जीवाश्मात आपण अश्म ठेवतो, जपानी तिथे सेकि ठेवतात. गंमत म्हणजे कोळशाला तेही 'दगडी कोळसा'च म्हणतात, 'सेकितान', फक्त त्यांचा दगड तिथेही पोथीतलाच. पणजीने पोराचं नाव पाषाण ठेवलं नव्हतं. शेताच्या बांधावरचा धोंडा ठेवला होता. म्हणून चिठ्ठीवर 'इशि'. हेकट म्हणाले तर म्हणू देत, आजोबा होतेच.

आता शेवटची अडचण. अक्षर खोदून पांढरं ठेवू (हाकुबुन), की भोवतालचा दगड काढून अक्षर लाल उठवू (शुबुन)? लालमध्ये तिरकी रेघ फार बारीक राहते, काल एक कड तुटली. कोणी कोरलं असेल तर सांगा, प्रदर्शनाला तीनच आठवडे उरलेत.