शब्दचर्चा : 'रिलिजस लिबर्टी' म्हणजे उपासनास्वातंत्र्य का?

अनुवादिका : अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉन्झर्व्हेटिव्ह गटांवरचा लेख मराठीत आणते आहे. तीन शब्दांवर अडले आहे. सध्या 'कॉन्झर्व्हेटिव्ह'ला सनातनी, 'कॉन्स्टिट्यूशनल गव्हर्नमेंट'ला घटनात्मक सरकार आणि 'रिलिजस लिबर्टी'ला उपासनास्वातंत्र्य असं लिहिलंय. वाचायला ठीक वाटतं, पण लेखातल्या मंडळींचा भांडणाचा मुद्दा कुठेतरी गळतोय.

सातारकर : ताई, 'सनातनी' आधी काढा. तो शब्द आला की आपल्याला सोवळं-ओवळं आणि सुधारकांशी झालेले वाद आठवतात. इथे इव्हँजेलिकल (सुवार्ता सांगण्यावर भर देणारे प्रोटेस्टंट) आहेत, कॅथलिक आहेत, मॉर्मनही आहेत, आणि त्यांचं आपसात देवशास्त्रावर अजिबात पटत नाही. 'पुराणमतवादी'त अर्धी शिवी आहे. मी 'परंपरावादी' लिहीन, नाहीतर सरळ कॉन्झर्व्हेटिव्ह. हल्ली सगळ्यांना कळतं.

वकीलसाहेब : खरी गळती तिसऱ्या शब्दात आहे. आपल्या उद्देशिकेत 'विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' आहे, म्हणून हात आपोआप उपासनेकडे जातो. पण या मंडळींना नेमका तोच शब्द खुपतो. ओबामांच्या काळात सरकारी भाषणांत 'फ्रीडम ऑफ वर्शिप' ऐकू येऊ लागलं तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी हरकत घेतली. म्हणणं असं, की रविवारी चर्चमध्ये काय करायचं एवढीच मोकळीक सरकार देणार असेल, तर सोमवार ते शनिवार आम्ही कोण? शाळा, दवाखाना, दुकान चालवतानाही आम्ही ख्रिस्तीच असतो.

त्यांचा आधार 1791 सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीतला 'फ्री एक्सरसाइज' हा आहे. त्याला मराठीत कष्टाने शब्द घडवायला नको. आपल्या अनुच्छेद 25 मध्ये धर्माचं 'आचरण' आहे. 'धर्माचरणाचे स्वातंत्र्य' लिहा, लेख सरळ होईल.

या शब्दामागेही एक कथा आहे. 1776 मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा जॉर्ज मेसनने केला, त्यात धर्माबाबत 'टॉलरेशन', म्हणजे सहिष्णुता होती. पंचविशीतल्या जेम्स मॅडिसनने (हाच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला) ती काढायला लावली. सहन करणारा उद्या सहन करायचं थांबवू शकतो. हक्काचं तसं नसतं. म्हणून मसुद्यात 'फ्री एक्सरसाइज' आलं. तुमच्या लेखात चुकूनही 'धार्मिक सहिष्णुता' लिहू नका.

अनुवादिका : धन्यवाद. मग 'घटनेने नागरिकांना दिलेले धर्माचरणाचे स्वातंत्र्य' असं वाक्य चालेल ना?

वकीलसाहेब : आपल्याकडे चालतं. त्यांच्या तोंडी 'दिलेले' हे क्रियापद घातलंत तर त्यांचा अख्खा युक्तिवाद उलटा होतो. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हक्क निर्मात्याने बहाल केले आहेत. सरकार ते राखण्यासाठी. पहिल्या घटनादुरुस्तीची वाक्यरचना बघा : काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, अमुक कायदा करणार नाही. नागरिकाला काही देऊ केलेलं नाही, सत्तेचे हात बांधले आहेत. तेव्हा 'घटनेने हमी दिलेले' लिहा. आणि 'घटनात्मक सरकार'ऐवजी 'घटनेने मर्यादित केलेली सत्ता' लिहा. लांबतं, पण त्यांच्या मनातलं तेच आहे. सरकार मर्यादित असावं, कारण माणूस मूळचा पापी आणि राज्यकर्ताही माणूसच, असा त्यामागे ख्रिस्ती विचार आहे.

न्यू जर्सीकर : वकीलसाहेबांचं विवेचन पटलं, पण चित्र फार गुळगुळीत झालंय. घटनेच्या मजकुराला चिकटून राहायचं आणि धर्माचरण जपायचं, या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या 1990 च्या 'स्मिथ' खटल्यात मूळ आदिवासींच्या धर्मविधीत पेयोटी (नशा आणणारं निवडुंग) सेवन केल्याने नोकरी गेलेल्या माणसांना बेकारभत्ता नाकारला होता. सर्वांना सारखा लागू असलेला कायदा धर्मासाठी वाकत नाही, असा निकाल अँटोनिन स्कॅलियांनी लिहिला. स्कॅलिया म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांचे लाडके न्यायमूर्ती, वर निष्ठावान कॅथलिक! त्यावर उतारा म्हणून 1993 चा 'रिलिजस फ्रीडम रिस्टोरेशन अ‍ॅक्ट' आला. सिनेटमध्ये 97 विरुद्ध 3 मतांनी. डावे-उजवे सगळे एकत्र. आज हे खरं वाटत नाही. पुढे 2014 मध्ये 'हॉबी लॉबी' कंपनीच्या मालकांनी याच कायद्याच्या जोरावर कर्मचाऱ्यांच्या विम्यातल्या काही गर्भनिरोधकांचा भार नाकारला आणि ते 5 विरुद्ध 4 ने जिंकले. तिथून 'रिलिजस लिबर्टी' हा शब्द ऐकला की अनेकांना दुसऱ्याचे हक्क नाकारायची सवलत ऐकू येते. माझ्या मते मालकाचं धर्माचरण कामगाराच्या विम्यापर्यंत पोचवणं जरा ताणलेलंच आहे, पण तुम्हाला लेखातल्या माणसांचं म्हणणं द्यायचंय, माझं नव्हे.

आणि लेखात 'वॉल ऑफ सेपरेशन', म्हणजे चर्च आणि सरकार यांच्यातली भिंत, येणारच. तिला 'फारकत' म्हणू नका, 'भिंत'च राहू द्या. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने ती 1 जानेवारी 1802 च्या पत्रात वापरली, कनेटिकट राज्यातल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना (हा एक प्रोटेस्टंट पंथ) उत्तर देताना. कनेटिकटमध्ये तेव्हा काँग्रिगेशनल चर्च सरकारमान्य होतं, म्हणजे भिंतीचं आश्वासन हवं होतं ते अल्पसंख्य बाप्टिस्टांना. (त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्सहून जॉन लेलँड हा बाप्टिस्ट उपदेशक जेफरसनला एक अगडबंब चीज भेट द्यायला हजर होता. वजन 1,235 पौंड!) आता त्याच परंपरेतले बरेच जण म्हणतात, भिंत हा शब्द घटनेत नाहीच. हे खरंही आहे. 1947 च्या 'एव्हरसन' निकालाने तिला कायद्यात वजन दिलं आणि 1985 मध्ये न्यायमूर्ती रेनक्विस्टांनी दुसऱ्या एका खटल्यात भिन्नमत लिहून ती टाकूनच द्या म्हटलं.

सातारकर : 'धर्मस्वातंत्र्य' असा आटोपशीर शब्द का नको? 'धर्माचरणाचे स्वातंत्र्य' दर दोन ओळींनी आलं तर वाचक पळेल.

वकीलसाहेब : आपल्याकडे तो शब्द अडकलाय. ओरिसाचा 1967 चा आणि मध्य प्रदेशचा 1968 चा, हे दोन्ही कायदे नावाने 'धर्मस्वातंत्र्या'चे, पण बळाने, फसवणुकीने किंवा आमिषाने होणारं धर्मांतर रोखणारे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असं म्हटलं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल माणसाच्या दृष्टीने सुवार्ता सांगून माणूस ख्रिस्ताकडे आणणं हा धर्माचरणाचा गाभा. त्याच्या तोंडी आपला 'धर्मस्वातंत्र्य' घातला तर भारतीय वाचक भलताच कायदा डोळ्यांपुढे आणेल. लांब वाटत असेल तर पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'धर्माचरण' ठेवा.

अनुवादिका : तसंच करते. शीर्षकात मात्र संपादकांना 'रिलिजस लिबर्टी'च हवंय, देवनागरीत. तिथे मी भांडत नाही.