चाळीस मीटर रेडिओ बँडवर पूर्ण शक्तीला आवाज फाटतो : नवा माइक घ्यावा का?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. गच्चीवरून आंब्याच्या फांदीपर्यंत ताणलेल्या, एका टोकाकडून फीड केलेल्या अर्ध-तरंग (तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या) तारेच्या अँटेनावर मी चाळीस मीटरच्या हौशी रेडिओ बँडवर एलएसबीने (सिग्नलचा फक्त खालचा साइडबँड पाठवण्याच्या पद्धतीने) बोलतो. ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा संच) 100 वॉटचा आहे. 10 वॉटवर आवाज स्वच्छ असल्याचे समोरचे हॅम (हौशी रेडिओचालक) सांगतात; मात्र 60 वॉटच्या पुढे गेलो की आवाज घोगरा होतो आणि जोर देऊन उच्चारलेल्या प्रत्येक अक्षरामागे घरघर लागते. स्पीच प्रोसेसर (बोलण्यातले हळू आवाज वर उचलणारी सोय) बंद केला, माइक गेन निम्म्यावर आणला, तरी फरक पडला नाही. परवा बोलताना माइकच्या धातूच्या जाळीला ओठ लागले, तेव्हा चटका बसला. नवा माइक घ्यावा की इक्वलायझर जोडावा, याबद्दल मार्गदर्शन करावे.

उत्तर १

अजून काहीही विकत घेऊ नका. अँटेना काढून 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावा, पूर्ण शक्तीवर बोला आणि दुसऱ्या रिसीव्हरवर हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐका. त्या रिसीव्हरची अँटेना काढून ठेवा, अन्यथा इतक्या जवळच्या सिग्नलने तोच ओव्हरलोड होईल आणि नसलेला दोष ऐकू येईल. डमी लोडवर आवाज स्वच्छ आला, तर माइक निर्दोष आहे आणि आपलाच आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, माघारी येत आहे, असे समजावे. चटक्यावरून मला तीच दाट शंका आहे.

अशा तारेच्या टोकाला बहुधा तारेचा इंपीडन्स (विद्युत अडथळा) केबलशी जुळवणारा 49:1 चा ट्रान्सफॉर्मर असतो. तारेत जाणाऱ्या प्रवाहाला परतीची वाट लागते. काउंटरपॉइज (ही परतीची वाट देणारी जोडतार) नसेल तर तो प्रवाह कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) जाळीच्या बाहेरच्या अंगाने घरात येतो, माइकच्या वायरीत शिरतो, प्रीअँप्लिफायरमध्ये डिटेक्ट होतो आणि आपल्या बोलण्यात मिसळून पुन्हा बाहेर जातो. कमी शक्तीला हे जाणवत नाही, म्हणूनच 10 वॉटवर सगळे ठीक वाटते.

ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीच्या टोकाला सुमारे 2 मीटर तार काउंटरपॉइज म्हणून जोडा. त्यानंतर 31 मिश्रणाच्या मोठ्या फेराइट कड्यावर, म्हणजे 240 आकाराच्या, आरजी-58 कोॲक्सचे दहा-बारा वेढे घालून चोक (जाळीबाहेरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) करा आणि तो ट्रान्सफॉर्मरपाशी बसवा. ट्रान्समिट न करताही माइकला मुंग्या येत असतील, तर तो आरएफ नव्हे. अशा वेळी रेडिओ बंद करून पॉवर सप्लायचे आणि घराचे अर्थिंग आधी तपासून घ्यावे.

उत्तर २

वरील निदानाशी मी सहमत आहे, पण घरघर गेल्यावरही काम उरेल. एएलसीचा (शक्ती मर्यादेत ठेवणाऱ्या स्वयंचलित नियंत्रणाचा) काटा फक्त सर्वांत जोराच्या अक्षरांना किंचित हलेल इतकाच गेन ठेवा. तो सतत वर चिकटून राहिला, तर सिग्नल शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पसरतो आणि तिथे बोलणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. माइक ओठांपासून चार बोटे दूर आणि थोडा तिरका धरा. मराठीत ख, फ, भ यांचा श्वास मोठा असतो. माइक सरळ समोर असला की त्या श्वासाचे धप्प असे आवाज उमटतात.

इक्वलायझर ट्रान्सीव्हरमध्येच असेल, तर 200 हर्ट्झखालचे कापा आणि 2,000 हर्ट्झच्या आसपास थोडे उचला, कारण साइडबँडवर गोंगाटातून व्यंजने ओळखू येतात ती या पट्ट्यामुळे. छातीतून येणारा खर्जातला भारदस्तपणा ऐकायला छान वाटतो, पण शक्ती खातो आणि दूरच्या माणसाला शब्द कळत नाहीत. प्रोसेसर शेवटी आणि बेताने लावा, कारण तो बोलण्यातल्या विरामात पंख्याची घरघरही वर आणतो. फरशीची उघडी खोली असेल, तर माइकसमोरच्या भिंतीवर जाड चादर टांगून पाहा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. डमी लोडवर 100 वॉटलाही आवाज स्वच्छ आला, आणि ट्रान्समिट न करता जाळीला हात लावला तर काहीच जाणवत नाही. काउंटरपॉइज जोडला, चोक बसवला, आणि काल सायंकाळी 90 वॉटवर घरघर आढळली नाही. माइक जुनाच आहे. खर्ज कमी केल्यावर आवाज मला स्वतःला पातळ वाटतो, पण दोन स्थानकांनी शब्द अधिक स्पष्ट ऐकू येतात असे कळवले, म्हणून तीच मांडणी ठेवली आहे. पंख्याचा आवाज मात्र अजून जातो; आज पंखा बंद करून बोलेन.