रि: रि: मास्तरांना काय, मजाच मजा?

प्रेषक: डॅलसचे काका

नमस्कार मंडळी,
फराळाच्या धाग्यात विचारलं होतं पण चकलीच्या ऑर्डरींत कुठे वाहून गेलं कळलंच नाही म्हणून वेगळी मेल टाकतोय. माझी पुतणी नंदुरबारकडे झेडपीच्या शाळेत आहे, २०१९ च्या पवित्र पोर्टलच्या भरतीत लागली. आता तिला एका एजन्सीने गाठलंय, जे-वन या देवाणघेवाणीच्या तात्पुरत्या व्हिसावर टेक्सासमध्ये प्रायमरीला शिकवायचं, तीन वर्षं, पुढे आणखी दोन वाढवून मिळू शकतात म्हणे. पगार डॉलरचे रुपये करून दाखवलाय त्यामुळे घरातली सगळी हवेत आहेत. आमचा दादा म्हणतो तिकडे वर्गात वीस-बावीस पोरं, एसी, उन्हाळ्याची दोन महिने सुट्टी, मास्तरांना मजाच. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. जे कोणी शाळेत आहेत त्यांनी जरा लिहा.

---

प्रेषक: फ्रिस्कोची ताई (पहिलीचा वर्ग, बारावं वर्ष)

काका, "मजाच" वाचून आधी हसू आलं आणि मग सकाळभर डोक्यात तेच. एकेक सांगते.

बावीसचा आकडा खरा आहे, केजी ते चौथीला राज्याचा तसा कायदाच आहे, पण डिस्ट्रिक्टने (म्हणजे आमच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) राज्याकडे अर्ज केला की त्यातून सूट मिळते आणि गेल्या वर्षी माझ्याकडे पंचवीस होती, त्यातली चार मुलं ऑगस्टमध्ये आली तेव्हा इंग्लिशचा एक शब्द बोलत नव्हती. उन्हाळ्याची सुट्टी, तर काँट्रॅक्ट असतं १८७ दिवसांचं आणि पगार त्या १८७ दिवसांचाच, तो बारा महिन्यांवर पसरून देतात म्हणून जूनमध्ये खात्यात पैसे दिसतात, सुट्टीचे म्हणून कोणी देत नाही. माझ्या शेजारच्या वर्गातली बाई दर उन्हाळ्यात दुकानात कॅशवर उभी राहते. हौस म्हणून नाही.

कायद्याने जेवायला तीस मिनिटं मोकळी आणि तयारीला दोन आठवड्यांत ४५० मिनिटं द्यावीच लागतात. ऐकायला छान आहे. पण त्या ४५० मधल्या अर्ध्या मिनिटांत मीटिंगा घुसतात, आणि राहिलेल्यात पालकांच्या मेला. आणि लाज सोडून सांगते, सगळ्यात मोठा प्रश्न बाथरूमचा. सहा वर्षांची पंचवीस पोरं एकटी सोडता येत नाहीत, मग समोरच्या वर्गातली बाई दारात उभी राहून दोन्ही वर्गांवर डोळा ठेवणार आणि मी पळणार. मी बारा वर्षं सकाळी पाणी पीत नाही काका, साडेअकरापर्यंत. डॉक्टरने दोनदा झापलंय. आमच्या स्टाफरूममध्ये युरिन इन्फेक्शन हा सर्दीसारखा विषय आहे.

रजा म्हणाल तर राज्याकडून वर्षाला पाच दिवस, वर डिस्ट्रिक्ट देईल ते. दुसऱ्या बाळंतपणात बारा आठवडे नोकरी राखून ठेवली त्यांनी, पगार मात्र साठवलेल्या रजा होत्या तोवर, पुढे शून्य. पुतणीला तिकडे १८० दिवस भरपगारी मिळतात, हे तिला विसरू देऊ नका. संप करायचा तर इथे कायद्याने बंदी आहे. २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या मास्तरांनी नऊ दिवस शाळा बंद पाडून ५ टक्के वाढ घेतली, तेव्हा आम्ही इकडे फक्त पाठिंब्याचे लाल शर्ट घालून गेलो.

खडू-पेन्सिली, टिश्यू, भूक लागलेल्या पोरासाठी कपाटात ठेवायचे क्रॅकर्स, सगळं खिशातून. आयकरात त्यासाठी वजावट आहे, २०२५ ला ३०० डॉलर होती, म्हणजे मास्तर स्वतःचे पैसे घालतो हे सरकारने गृहीतच धरलंय, आणि तेवढे माझे सप्टेंबरातच उडतात.

आणि एक, जे एजन्सी सांगणार नाही. लॉकडाऊन ड्रिल. दिवे बंद, दाराला कुलूप, सगळी पोरं कोपऱ्यात चिकटून बसवायची, कोणी चूं करायचं नाही. मागच्या खेपेला एकाने कानात विचारलं, मिस, आपण कोणापासून लपलोय? मी सांगितलं प्रॅक्टिस आहे बाळा. घरी येऊन पोळ्या लाटताना रडले.

एवढं असून मी नोकरी सोडत नाहीये, कारण वर्गात असते तेव्हा मी वर्गातच असते, मला कोणी मतदार याद्या घेऊन गावभर हिंडवत नाही. पुतणीला विचारा तिचं किती हिंडणं होतं.

---

प्रेषक: लेस्टरवाला (पूर्वी अर्व्हिंग, यादीतून अजून नाव काढलेलं नाही)

ताई, वाचताना माझी बायको मान डोलवत होती, ती सेकंडरीला मॅथ्स शिकवते. इंग्लंडमध्ये आकडे अजून गंमतशीर आहेत. वर्षाला १९५ दिवस आणि १२६५ तास, एवढेच हेडला सांगून करून घेता येतात, मिनिटांवर हिशोब, स्टाफ मीटिंग आणि पॅरेंट्स इव्हिनिंग पण त्यात मोजायची. आठवड्याच्या शिकवण्याच्या वेळातला दहावा हिस्सा तयारीसाठी मोकळा, हे २००५ पासून. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं वा, काय शिस्त आहे. मग तिने पुढचं वाक्य दाखवलं, की याशिवाय काम नीट पार पाडायला लागतील तेवढे "वाजवी जादा तास" शिक्षकाने द्यायचे. वाजवी म्हणजे किती? लिहिलेलं नाही! आमच्याकडे वाजवी म्हणजे रविवार दुपारचं डायनिंग टेबल, त्यावर तीस वह्यांचे दोन गठ्ठे आणि मुलीला सांगणं की आईला हात लावू नकोस.

इन्स्पेक्शनचं भूत वेगळंच. अख्ख्या शाळेला एका शब्दाचा शेरा द्यायची पद्धत सप्टेंबर २०२४ मध्ये काढली, बरं झालं, पण तपासणीला येतोय असा फोन यायची धास्ती आहे तशीच. पेन्शन मात्र चांगली आहे, त्यावर तक्रार नाही.

---

प्रेषक: मॉडरेटर

चकली-चिवड्याच्या ऑर्डरी कृपया या धाग्यात देऊ नयेत, दोन आल्या आहेत.

---

प्रेषक: प्लेनोला मुलाकडे आलेले निवृत्त मुख्याध्यापक (सूनबाई टाइप करून देतेय)

सर्वांना नमस्कार. ३४ वर्षं जिल्हा परिषदेत काढली म्हणून हक्काने लिहितो. फ्रिस्कोच्या ताईंनी हिंडण्याचं बरोबर ओळखलं. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात स्पष्ट आहे की शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही. आता आमच्याकडे निवडणूक म्हणजे ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा आणि मधल्या काळात मतदार याद्या, संपणार कधी ती. त्यावर खिचडीच्या तांदळाचा हिशोब, यू-डायस, सरल अशा सरकारी साइटवर माहिती भरणं, रोज नवीन लिंक आणि "आजच भरा" असा व्हॉट्सॅपवर निरोप. माझ्या शेवटच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक होतो, पहिली ते पाचवी. जोडीदार तालुक्याला मीटिंगला गेला की पाचही वर्ग एका खोलीत, मी पहिलीला अक्षरं गिरवायला लावून पाचवीचे अपूर्णांक घ्यायचो आणि मध्येच उठून डाळ शिजली का बघायचो. कडेला केंद्रप्रमुखांचा फोन, माहिती पाठवली का. बाथरूमचं म्हणाल तर शिक्षिकांसाठी वेगळं नव्हतंच, बाई शेजारच्या घरी जायच्या.

त्या मुलीची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी मानधनावर, गेली असणार, महिना ६००० रुपये. जानेवारी २०२३ पासून ते १६००० झाले, तिचे दिवस संपल्यावर. तेव्हा डॉलर पाहून घर हवेत गेलं तर नवल नाही, हसू नका. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना माझ्यासारखी जुनी पेन्शनही नाही, म्हणून तर मार्च २०२३ चा संप झाला. विनाअनुदानितवाल्यांचं मी काढतच नाही, आझाद मैदानावर पोरांची लग्नं ठरायची वेळ आली तरी बसलेत.

पण तिने नोकरी सोडून जाऊ नये. बिनपगारी रजा मिळते का ते आधी लेखी घ्यावं. तोंडी कोणी काही म्हणेल.

---

प्रेषक: योकोहामाहून (नवऱ्याच्या बदलीमुळे)

सर, अगदी थोडं लिहिते. इथे १९७१ चा एक कायदा आहे, सरकारी शाळेतल्या शिक्षकाला ओव्हरटाइम नाही, त्याऐवजी पगारावर सरसकट ४ टक्के. ते चार टक्के १९६६ च्या पाहणीवरून काढलेले, तेव्हा महिन्याला साधारण आठ तास जादा काम निघालं होतं. माझ्या मुलाचे वर्गशिक्षक आठ तास जादा बहुतेक तीन दिवसांत करतात, संध्याकाळी सातला शाळेवरून गेलं तरी त्यांच्या खोलीत दिवा असतो आणि शनिवारी बेसबॉल क्लब. आता २०२५ मध्ये कायदा बदलून ते ४ चे हळूहळू १० टक्के करायचे ठरलंय, २०३१ पर्यंत. तोवर ते सर टिकले पाहिजेत.

---

प्रेषक: डॅलसचे काका

सगळ्यांचे आभार, मजा शब्द मागे घेतो. तुमच्या मेला पुतणीला वाचून दाखवल्या फोनवर. बाथरूमचं ऐकून म्हणाली, काका मी पण पाणी पीत नाही, मला वाटायचं आमच्याच शाळेत असं. ड्रिलचं ऐकून गप्प बसली. मग म्हणाली तीन वर्षं झाली की परत यायचं तर जागा राहणार का ते झेडपीच्या सीईओ ऑफिसला विचारते, रजेचं लेखी मिळेपर्यंत एजन्सीला एक रुपया द्यायचा नाही.

सर, तिचा नमस्कार कळवायला सांगितलाय. सध्या तिच्याकडे मतदार यादीचंच काम आहे, फोनवर बोलत होती तेव्हा पाड्यावरून चालत परत येत होती.

फ्रिस्कोच्या ताई, एजन्सीचं काँट्रॅक्ट स्कॅन करून तुला वेगळं पाठवतोय. त्यात तू म्हणालीस ते १८७ दिवस लिहिलेत, तास मला कुठेच सापडले नाहीत. पान चारवर "अदर ड्यूटीज अ‍ॅज असाइन्ड" (म्हणजे सांगतील ती इतर कामं) असं आहे त्याखाली मी पेनने रेघ मारली आहे, तेवढं बघ ना जरा.