दातांवरचे फ्लोराइडचे डाग आणि दवाखान्यातलं ब्लीचिंग: कोणी करून घेतलंय का?

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे. घरात सगळे हापशीचं पाणी प्यायचो. त्यात फ्लोराइड जास्त आहे हे फार उशिरा कळलं. मी आजोळी वाढले म्हणून वाचले. तिच्या वरच्या चार दातांवर तपकिरी पट्टे आहेत, कडेला खडूसारखे पांढरे ठिपके. "दात घासत नाहीस का?" हे ती शाळेपासून ऐकतेय. रोज दोनदा घासते हो! हसू आलं की हात आपोआप तोंडावर जातो. साखरपुड्याच्या एकाही फोटोत तिचे दात दिसत नाहीत.

लग्न दीड महिन्यावर आलंय. पुण्यात दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनी शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगछटांचे नमुने, दाताशी धरून रंग जुळवला. म्हणाले, हिरड्यांवर संरक्षक थर लावून ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या, एका बैठकीत काम होईल. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, नुसत्या ब्लीचिंगने तपकिरी रंग फिका होईल, पण पांढरे ठिपके जाणार नाहीत. आधी मायक्रोअब्रेजन, म्हणजे आम्ल आणि बारीक भुकटीने दाताच्या वरच्या कठीण आवरणाचा (इनॅमलचा) अगदी पातळ थर घासून काढायचा, मग ब्लीचिंग. व्हिनियर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ आवरण, नको असं दोघांचंही मत. धडधाकट दात कोरायचे कशाला? मलाही ते पटलं.

कोणी केलं असेल तर सांगा, ठिपके नंतर जास्तच उठून दिसतात का? तिला आत्ताच गार पाण्याने झिणझिण्या येतात, ते वाढेल का? शिवाय एका सुळ्यात जुनं फिलिंग आहे, त्याचं काय?

प्रतिसाद:
ताई, मी चंद्रपूरचा, माझेही दात असेच होते. दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. ब्लीचिंगनंतर दात कोरडे पडतात, त्यामुळे ठिपके पहिले काही दिवस चुन्यासारखे पांढरेफटक दिसतात, मग कमी उठून दिसतात. मी घाबरून रडायच्या बेतात होतो. ठणक मला दोन रात्री होती. आधी दोन आठवडे झिणझिण्या कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट वापरली, त्याचा उपयोग झाला. झिणझिण्यांचं डॉक्टरांना आधीच सांगा. फिलिंगचा रंग बदलत नाही. ते नंतर बदलावं लागतं, तेही साधारण दोन आठवडे थांबून. म्हणून याच आठवड्यात सुरुवात करा, लग्नाच्या तोंडावर नको.