मदत हवी आहे : आईच्या गुडघ्याच्या हाडाला मुका मार, घरी काय काळजी घ्यावी?

नमस्कार. माझं माहेर गुहागर तालुक्यात, घर पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या टोकाला. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथेच आई (वय ६३) घसरली आणि उजवा गुडघा पायरीच्या कडेवर आपटला. एक्स-रे अगदी स्वच्छ आला. कळ काही थांबेना, म्हणून एमआरआय केला तेव्हा समजलं की हाडाच्या आत मगजात सूज आहे. लिगामेंट आणि गादी शाबूत आहेत. डॉक्टर म्हणाले, मोडलेलं नाही, पण भरून यायला दीड ते तीन महिने, कधी त्याहून जास्तही लागतात. तोवर पायावर पूर्ण भार टाकायचा नाही.

मी माहेरी येऊन राहिलेय, पण ती ऐकतच नाही. "मोडलं नाही ना, मग खाटेवर पडून काय करू?" चुलीपाशी उकिडवी बसते, भिंत धरून विहिरीवर जाते. संध्याकाळी गुडघ्याची आतली बाजू हाताला गरम लागते, रात्री कूस बदलली तरी कळवळते. वाडीतले हाडवैद्य तेल लावून चोळून देतो म्हणतात. माणूस भला आहे, पण माझा जीव धजत नाही. शेकावं की बर्फ लावावा? आंबेहळद-रक्तबोळाचा लेप चालेल का? आणि काठी कुठल्या हातात द्यायची? गणपती तोंडावर आलेत, त्याआधी तिला नीट सांभाळायचंय.

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. चोळू अजिबात देऊ नका. आतली सूज चोळून उतरत नाही, वरचं मांस मात्र दुखावतं. गुडघा गरम लागतोय तोवर शेकही नको. बर्फ पंच्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. थेट कातडीवर ठेवू नका. लेप गार करून, न रगडता लावलात तर हरकत नाही, पण त्याने हाड लवकर भरेल असं समजू नका.

काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. काठी आणि उजवा पाय एकदम पुढे टाकायचे. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तरी ओली पाखाडी सध्या टाळाच. उकिडवं बसणं पूर्ण बंद, शौचाला कमोडची खुर्ची आणा. मोदक आई टेबलाशी खुर्चीवर बसून वळतील, तेवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती पाच सेकंद खाली दाबून सोडायची. मांडीची ताकद टिकते. कळ आली की थांबायचं.

पोटरी सुजली, ताप आला, पाऊल बधिर झालं किंवा पाय टेकवेनासाच झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या वयात ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनताही तपासून घ्यावी.

आईंना बीपी किंवा किडनीचा त्रास आहे का? दुखण्यावर कुठली गोळी चालू आहे? काही वेदनाशामकं अशा वेळी चालत नाहीत, म्हणून विचारतेय.