दरमहा नवी आवृत्ती: बाहेरच्या डेव्हलपरने हा वेग कसा गाठावा?

प्रश्न:
एका प्रचलित संपादन-सॉफ्टवेअरसाठी लिहिलेले छोटे प्लगिन (मूळ सॉफ्टवेअरला जोडून जादा सोय देणारा प्रोग्रॅम) मी गेली सहा वर्षे नोकरी सांभाळून, विनामोबदला चालवत आहे. मूळ सॉफ्टवेअरची आवृत्ती पूर्वी वर्षातून एकदा येई. आता ती दरमहा येते आणि प्रत्येक वेळी माझे काहीतरी मोडते. मागच्या खेपेस मूळ सॉफ्टवेअरच्या एका फंक्शनचा (नावाने बोलावता येणारा, ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) ऐच्छिक असलेला दुसरा पॅरामीटर, म्हणजे त्याला पुरवायची माहिती, अनिवार्य झाला. बदलांच्या यादीत त्याची नोंद 'किरकोळ सुधारणा' एवढीच होती, त्यामुळे मला तो बदल कळला तो थेट वापरकर्त्यांच्या तक्रारींतून. वर्षभरात नवी एकही सोय लिहून झालेली नाही. आपण सर्व हे कसे निभावता?

उत्तर १:
हे दुखणे जुने आहे. फायरफॉक्स या ब्राउझरची चौथी आवृत्ती मार्च २०११ मध्ये आली आणि पाचवी लगेच जूनमध्ये. पुढे दर सहा आठवड्यांचा क्रम ठरला. त्या काळी प्रत्येक ॲड-ऑनच्या (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये तो कोणत्या आवृत्तीपर्यंत चालतो याचा आकडा लिहिलेला असे, त्यामुळे कोडमध्ये काहीही बदलायची गरज नसली तरी तो आकडा वाढेपर्यंत चांगला चालणारा ॲड-ऑन बंद पडे. जानेवारी २०१२ मध्ये दहाव्या आवृत्तीने बहुतेक ॲड-ऑन सुसंगतच मानायला सुरुवात केली आणि संस्थांसाठी दीर्घ मुदतीची वेगळी आवृत्तीही त्याच सुमारास निघाली. गंमत अशी की, जुन्या ॲड-ऑनची खरी वाताहत या घाईमुळे झालीच नाही. ती झाली नोव्हेंबर २०१७ च्या ५७ व्या आवृत्तीत, जेव्हा जुनी रचनाच काढून टाकली गेली, आणि तिची सूचना तर २०१५ मध्येच दिलेली होती.

उत्तर २:
वेगाला दोष देण्याआधी आपण नेमके कशावर विसंबून आहात, ते तपासावे. लिनक्स कर्नलची (लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याची) नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. तरीही अनेक वर्षांपूर्वी कंपाइल केलेले (चालवण्यायोग्य रूपात आणलेले) प्रोग्रॅम तिच्यावर चालतात, कारण प्रोग्रॅमना दिलेला इंटरफेस (कर्नलकडून काम करून घेण्याची ठरलेली पद्धत) मोडायचा नाही हा तिथला दंडक आहे. कर्नलच्या आतल्या इंटरफेसबद्दल मात्र असे कोणतेही वचन नाही, म्हणून मूळ कोडच्या बाहेर ड्रायव्हर (संगणकाला जोडलेली उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) सांभाळणाऱ्यांना आपल्यासारखीच धावपळ करावी लागते. आपले फंक्शन या रेषेच्या कोणत्या बाजूला होते, वचन दिलेल्या की आतल्या?
शिवाय पूर्व-चाचणी आवृत्ती मिळत असेल, तर तिच्यावर रोज रात्री आपोआप चाचण्या चालवाव्यात. मोडतोड टळत नाही, पण ती वापरकर्त्यांच्या आधी आपल्याला दिसते.

प्रश्नकर्ता:
तपासले. मी वापरत असलेल्या अकरा फंक्शनांपैकी सात अधिकृत दस्तऐवजात नाहीत, आणि तक्रारीचे मूळ असलेले फंक्शन त्या सातांतलेच निघाले. चूक माझी, हे मान्य. परंतु निवडलेल्या मजकुराची जागा विचारण्याचा अधिकृत मार्ग त्यांनी दिलेलाच नाही, मग आत हात घालण्यावाचून पर्याय कोणता होता?

उत्तर २:
मग नेमकी तीच मागणी त्यांच्याकडे लेखी नोंदवावी. तोवर ती सात फंक्शने एकाच फाइलमधून बोलावण्याची व्यवस्था करावी, म्हणजे दरमहा दुरुस्ती लागली तरी ती त्या एका फाइलपुरतीच राहील.