जुना, स्वस्त, पण रोजच्या कामाला पुरणारा फोन: तुमचे अनुभव लिहा

कर्वेनगरी
परवा दिव्यांच्या माळेचा अडॅप्टर आणायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले होते. शेजारच्या गाळ्यात एक मुलगा ओठांत स्क्रू धरून फोनचा फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले, बदलत होता. फोन बघितला आणि पाय थांबलेच. सोनेरी रेडमी नोट ४! २०१७ मध्ये आम्ही बाबांना तोच घेतला होता. घरात सगळ्यांचं म्हणणं, त्यांना कशाला एवढा मोठा फोन. बाबांनी त्यावरून साताऱ्याच्या आत्याला रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावायला सुरुवात केली. दोघं समोरासमोर चहा पीत बसायची. बॅटरी ४१०० एमएएचची, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार्जर शोधावा लागत नसे. पुढे तो भाच्यानं वापरला, मग सोसायटीच्या वॉचमनकाकांनी.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना फोन हवाय. लेकीच्या शाळेचं सगळं ग्रुपवर येतं, पगार यूपीआयवर घ्यायचाय. बजेट सहा हजार. हप्त्यावर घ्यायचा नाही हा त्यांचा हट्ट, आणि मला तो अगदी पटतो. तर सेकंडहँड बघतोय. तुम्ही असा फोन कुणासाठी निवडलात, काय तपासलंत, काय टिकलं ते लिहा. मॉडेलचं नाव नाही सांगितलं तरी चालेल.

वारज्याचा_दादा
व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय, आहे का ते पहिलं बघा. बाकी सगळं नंतर. भावाला २०१६ मध्ये जिओ आल्यावर हौसेनं सिम घेतलं, फोन फोरजी होता तरी कॉल लागेना. नेट धो धो. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, कॉलसुद्धा फोरजीवरूनच जातो. फोनमध्ये व्होल्टी नसेल तर वेगळं ॲप टाकून बोलावं लागायचं. फाइव्हजी नसलं तरी मावशींचं काही अडत नाही.

पेठेतली_सून
बाबांचा आणि आत्यांचा चहा 😊 वाचून फार छान वाटलं

नदीकाठचा
बिल आणि बॉक्स मागा. नसेल तर निदान आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, तपासा. *#०६# दाबलं की १५ आकडे येतात. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर, आणि १४४२२ वर पाठवायचा. सरकारच्या संचार साथी साइटवरही होतं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज आलं तर फोन परत हातात देऊन निघायचं, भाव कितीही पाडला तरी. चोरीचा फोन गरिबाच्या गळ्यात पडला की पोलीस चौकीच्या खेपा त्यालाच. हे मी पोटतिडकीनं सांगतोय कारण आमच्या ऑफिसच्या मुलाचे असेच हाल झाले.

सोल्डरगनवाला
रिपेअरिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, आता दुकान धाकट्याकडे आहे. ताई, सहा हजारात चांगला फोन मिळतो. फक्त घाई करू नका. मी गिऱ्हाईक असतो तर काय केलं असतं ते लिहितो.

फोन टेबलावर पालथा ठेवा आणि एका कोपऱ्यावर हलकं बोट टेका. डुलत असेल किंवा मागचं झाकण कडेला जरा उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलेली आहे. तो घ्यायचाच नाही. दाबून बसवतो म्हणाला तर त्याला दाबू देऊ नका, फुगलेली बॅटरी दाबण्याची वस्तू नाही.

मग सिमचा ट्रे काढा आणि टॉर्च मारून आत बघा. बऱ्याच फोनमध्ये तिथे किंवा आसपास एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल होतो. लाल दिसला तर आज चालणारा फोन पावसाळ्यात बंद पडणार.

डिस्प्ले बदललेला असेल तर हरकत नाही, पण कॉपी फोल्डर असेल तर उन्हात काही दिसत नाही आणि कडेला टच मरतो. सॅमसंग असेल तर डायलरवर *#०*# दाबा, लाल-हिरवा-निळा रंग भरून येतो, टचची जाळी येते, त्यावर बोट फिरवा. रेडमीला *#*#६४८४#*#*. पांढऱ्या रंगावर कीबोर्डची सावली दिसली तर स्क्रीन भाजलेली आहे.

शेवटी दुकानातूनच एक कॉल लावा आणि फोन कानाला धरा. स्क्रीन काळी व्हायला हवी. होत नसेल तर मावशींच्या गालानं कॉल कट होत राहणार, आणि त्या म्हणणार मला फोन वापरता येत नाही. असं म्हणणारी कितीतरी माणसं माझ्या काउंटरवर आली. फोनच बिघडलेला होता, माणसं नाही.

पेठेतली_सून
शेवटचं वाक्य 👏👏 माझ्या आईला आम्ही हेच ऐकवायचो, आता तिचा फोन तपासते

धायरीफाटा
+१ दादा, गालाचं अगदी खरं

मोटोप्रेमी
जुन्या फोनचा विषय निघाला आणि मोटो जी कुणी काढला नाही? २०१४, फक्त ऑनलाइन मिळायचा, ८ जीबीवाला १२,४९९. मागचं कव्हर बदलता यायचं! माझ्याकडे लाल होतं, ताईकडे पिवळं. फर्ग्युसनच्या कट्ट्यावर तो फोन नुसता टेबलावर ठेवायचो

नदीकाठचा
मोटोप्रेमी, पिवळं कव्हर माझंही होतं. भेटलं पाहिजे

मोटोप्रेमी
वैशालीत. बिल तुम्ही

सहकारनगर_आजी
लेकीनं टाइप करून दिलंय. मी ८२ वर्षांची. पेन्शनीचा हयातीचा दाखला आता घरबसल्या फोनवर होतो. जीवन प्रमाणचं ॲप आणि आधार फेस आरडी अशी दोन लागतात, मग फोन चेहरा बघतो. ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच करता येतो. माझा फोन नातवाचा जुना आहे. समोरच्या कॅमेऱ्याच्या काचेवर चरे पडले होते, तो काही केल्या चेहरा धरेना. लेक कोपऱ्यावरच्या दुकानातून वरची टेम्पर्ड काच बदलून आली, पदरानं काच पुसली, खिडकीकडे तोंड करून बसले आणि झालं. बँकेच्या जिन्यावरून चढायचं वाचलं याचा मला जो आनंद झाला तो तुम्हा मुलांना कळायचा नाही. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला फोन घेताना पुढचा कॅमेरा बघा. सगळे मागचा बघतात.

कर्वेनगरी
आजी नमस्कार 🙏 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशींच्या सासूबाईही त्यांच्याकडेच असतात

कोडवाला_बाणेर
सॉफ्टवेअरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

फोनचं वय ओरखड्यांवर ठरत नाही. सेटिंग्ज, अबाउट फोन, तिथे सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची, तारीख असते. ती खरी वयाची तारीख. चकाचक दिसणारा फोन, काचेला एक रेघ नाही, आणि पॅच पाच वर्षांपूर्वीचा. त्यावर यूपीआय चालवायचं म्हणजे मावशींचा पगार उघड्यावर ठेवणं. उलट कोपरे घासलेला, पण अलीकडे अपडेट झालेला फोन मी डोळे झाकून घेईन.

कंपन्या अमुक वर्षं अपडेट देऊ म्हणतात ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सॅमसंगनं २०२१ मध्ये गॅलक्सीच्या बऱ्याच मॉडेलना चार वर्षं सिक्युरिटी अपडेट जाहीर केले. म्हणजे तीन वर्षं जुनं मॉडेल घेतलं तर हातात एकच उरतं. आधी मॉडेल कधी आलं ते शोधा, मग भाव करा.

आणि फार मागेही जाऊ नका. व्हॉट्सॲपनं २०२५ च्या जानेवारीत अँड्रॉइड ४.४ वर काम करणं थांबवलं, मे महिन्यात आयफोन ५एस आणि ६ सुद्धा गेले. दर काही वर्षांनी ही रेघ पुढे सरकते. मावशींना तीन वर्षं बघायचं असेल तर किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. माझ्या स्वतःच्या जुन्या फोनवर मी कंपनीचं अँड्रॉइड काढून लिनिएज नावाची दुसरी सिस्टिम (रॉम) टाकलीय, मस्त पळतो, पण माझ्या बँकेचं ॲप त्यावर उघडत नाही. त्यामुळे कुणी "रॉम मारून देतो" म्हणालं तर मावशींसाठी नको.

धायरीफाटा
एवढं सगळं बघण्यापेक्षा नवा घ्या ना सात-आठ हजारांचा. वॉरंटी मिळते. मिस्टरांना गेल्या वर्षी घेतला, ठीक चाललाय

सोल्डरगनवाला
वहिनी, वॉरंटीचं बरोबर आहे. पण त्या भावात नव्यात रॅम आणि स्टोरेज कमी मिळतं, मेमरीही संथ असते. वर्षभरात गॅलरी भरली की हँग व्हायला लागतो. दोन-तीन वर्षांपूर्वीचा पंधरा हजारवाला आज सहात मिळाला तर तो याच्यापेक्षा जास्त पळेल. बॅटरी जुनी असते तेवढी बदलायची, साधारण हजारात होते. ती पहिल्या दिवशीच बजेटात धरा.

धायरीफाटा
बॅटरीचं लक्षात नव्हतं आलं. बरं

शाळेच्या_ग्रुपची_आई
गॅलरीवरून… आमच्या वर्गाच्या ग्रुपवर स्नेहसंमेलनाचे फोटो आले की माझा फोन गुदमरतो. शिवाय सकाळची फुलं. मावशींना फोन देताना व्हॉट्सॲपचं मीडिया ऑटो डाउनलोड बंद करूनच द्या. बॅकअप पण बघा, तो आता गुगलच्या १५ जीबीतच मोजतात, भरलं की जीमेल पण थांबतं

पेठेतली_सून
कुठली शाळा? आमच्या ग्रुपवर तर गृहपाठापेक्षा वाढदिवस जास्त

शाळेच्या_ग्रुपची_आई
व्यनि (खाजगी निरोप) करते 😄

हडपसर_आयटी
गुगल लॉक!!! कुणीच लिहिलं नाही. माझ्या मेव्हण्यानं रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून घेतला, घरी येऊन रिसेट मारला आणि फोन म्हणतोय आधीच्या मालकाचा जीमेल टाका. विक्रेता गायब. अँड्रॉइड ५.१ पासून हे आहे, चोरीसाठी चांगलंच आहे. विकणाऱ्याला त्याचं अकाउंट समोर काढायला लावा, मग रिसेट, मग आपल्या जीमेलनं तिथेच पूर्ण सुरू करा. पैसे त्यानंतर. आयफोन असेल तर फाइंड माय (त्याचं असंच लॉक) बंद केलंय का बघा.

नदीकाठचा
मेव्हण्याचे पैसे गेले?

हडपसर_आयटी
गेले हो. घरात लग्न होतं, त्यात तो फोन वहिनीला भेट द्यायचा होता. फार वाईट वाटलं सगळ्यांना

मोटोप्रेमी
अरेरे. 😞

सासवडकर
आमच्या सासऱ्यांनी स्मार्टफोन नकोच म्हटलं. बटणांच्याच फोनवर यूपीआय १२३पे करतात, खताचे पैसे देतात. २०२२ पासून आहे ते. प्रत्येकाला टच पाहिजेच असं नाही. पण शाळेचा ग्रुप असेल तर इलाज नाही

कर्वेनगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशींना काल विचारलं, मावशी तुम्हाला फोनमध्ये काय हवं? त्या म्हणाल्या, "ताई, अक्षर मोठं दिसलं पाहिजे आणि स्वारगेटच्या गर्दीत घंटी ऐकू आली पाहिजे." जीबी नाही, कॅमेरा नाही. आता दुकानात त्यांनाच घेऊन जाणार. रस्त्यावर उभं करून रिंग वाजवून बघणार, आणि अक्षर सर्वात मोठं करून त्यांनाच शाळेची नोटीस वाचायला देणार.

कोडवाला_बाणेर
हे आमच्या सगळ्या चेकिंगच्या आधी करा. आणि बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये घाला. यूपीआय सुरू करताना त्याच नंबरवरून एसएमएस जातो. रिचार्ज संपलेला असेल तर तिथेच अडतं

सोल्डरगनवाला
ताई, फोन पसंत पडला की घेण्याआधी मागचे-पुढचे आणि सिक्युरिटी पॅचचे फोटो इथे टाका. आयएमईआय मात्र झाकून

सहकारनगर_आजी
एक विचारायचं राहिलं. मला मराठी टाइप होत नाही, बोटानं अक्षर काढलं की उमटतं असं ऐकलंय ते कसं करायचं?

कोडवाला_बाणेर
आजी, जीबोर्डच्या (गुगलच्या कीबोर्डच्या) सेटिंग्जमध्ये लँग्वेजेस, ॲड कीबोर्ड, मराठी, आणि वरच्या पर्यायांत हँडरायटिंग निवडायचं. जोडाक्षरंही ओळखतो. बोलूनही लिहिता येतं, माइकच्या खुणेवर बोट ठेवा.

सहकारनगर_आजी
लेक संध्याकाळी आली की करून घेते. क्ष आणि ज्ञ येतात का?

कोडवाला_बाणेर
दोन्ही येतात आजी